जुन्या नाटकांचा जीर्णोद्धार

१७६६ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २५ तारीख. लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात त्या रात्री 'द कंट्री गर्ल' या विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचे नाव नवे होते. परंतु जुन्या नाटकांशी ज्यांचा परिचय होता, त्यांना ही मूर्ती ओळखीची वाटल्यावाचून राहिली नसेल. ९१ वर्षांपूर्वी, १६७५ साली, विल्यम विचर्लीने 'द कंट्री वाइफ' या नावाने जे नाटक लिहिले होते, तेच हे. फरक एवढाच की, खेड्यातील 'बायको'ची आता खेड्यातील 'मुलगी' झाली होती, आणि ज्याच्या कारस्थानावर मूळ नाटकाची सारी इमारत उभी होती, तो हॉर्नर नावाचा नायक समूळ नाहीसा झाला होता. इमारत मात्र कोसळली नव्हती. नायक काढून घेतल्यावरही नाटक उभे राहिले, हसवू लागले, आणि पुढे कित्येक वर्षे मूळ नाटकाच्या जागी तेच नांदले.

हा पराक्रम डेव्हिड गॅरिकचा. गॅरिक हा अठराव्या शतकातील इंग्रज नटांचा मुकुटमणी. परंतु तो केवळ नट नव्हता. १७४७ पासून १७७६ पर्यंत ड्ररी लेनच्या कारभाराची सूत्रे त्याच्या हाती होती. त्याने व त्याच्या समकालीनांनी शेक्सपिअर, बेन जॉन्सन, मोलिएर, विचर्ली, व्हॅनब्रू अशा जुन्या नाटककारांच्या कृती घेतल्या, त्यांची काटछाट केली, त्यांना नवे प्रवेश जोडले, आणि ही नवी रूपे आपल्या काळापुढे मांडली. या उद्योगाला कोणी जीर्णोद्धार म्हणतात, कोणी मूर्तिभंजन म्हणतात. या दोन नावांपैकी खरे कोणते, हे ठरविण्यापूर्वी तो उद्योग मुळात का करावा लागला, हे पाहणे इष्ट आहे.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला व प्यूरिटनांनी अठरा वर्षे बंद ठेवलेली नाट्यगृहे पुन्हा उघडली. या नव्या रंगभूमीचा आश्रयदाता राजदरबार होता. दरबारी मंडळी चतुर, निर्लज्ज व ऐषारामी. तेव्हा त्यांची नाटकेही तशीच झाली. विवाह हा एक सौदा, नवरा हा मूर्ख, शहरी तरुण हा शिकारी, आणि बुद्धी हाच एकमेव सद्गुण, अशी त्या नाटकांची नीती होती. पण १६९८ साली जेरेमी कॉलिअर या धर्मोपदेशकाने इंग्रज रंगभूमीच्या अनीतीवर एक जळजळीत ग्रंथ लिहिला आणि नाटककारांना कधी नव्हे ती उत्तरे देत बसावे लागले. कॉलिअरच्या टीकेने वारे पालटले असे म्हणण्यापेक्षा, वारे पालटत होते म्हणून त्याची टीका लागू पडली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. प्रेक्षागृहात आता दरबाऱ्यांच्या जोडीला व्यापारी, वकील व त्यांची कुटुंबे येऊन बसू लागली होती. आपल्या बायकामुलींसह नाटकास येणाऱ्या गृहस्थाला, नवरा हा केवळ थट्टेचा विषय आहे, हे तत्त्वज्ञान फारसे रुचणारे नव्हते.

याला दुसरे कारण जोडले गेले ते कायद्याचे. १७३७ साली पार्लमेंटने नाट्यनियंत्रणाचा कायदा केला. त्याअन्वये प्रत्येक नवे नाटक प्रयोगापूर्वी लॉर्ड चेंबरलेनकडे तपासणीसाठी धाडणे आवश्यक झाले. जुन्या नाटकास जोडलेल्या नव्या प्रवेशालाही तोच नियम लागू होता. शिवाय राजाची सनद असलेली ड्ररी लेन व कॉव्हेंट गार्डन ही दोनच नाट्यगृहे लंडनमध्ये हंगामभर बोलकी नाटके करण्यास अधिकृत राहिली. स्पर्धा दोघांतच उरली, म्हणून नव्या नाटकाचा धोका पत्करण्याची निकडही कमी झाली.

तिसरे कारण हिशेबाच्या वहीतले. नवे नाटक घेतले की तिसऱ्या, सहाव्या व नवव्या प्रयोगाचा नफा, नाट्यगृहाचा खर्च वजा जाता, नाटककाराला द्यावा लागे. जुन्या नाटकाचा कर्ता केव्हाच स्वर्गवासी झालेला. त्याला काही द्यावयाचे नसे. त्यातच नाटक रोज बदलावे लागे, आणि रात्रीचा कार्यक्रमही एका नाटकाने पुरा होत नसे. आधी पाच अंकी मुख्य नाटक, व त्यानंतर दोनतीन अंकांचे एक लहान नाटक, अशी रीत होती. तिकिटांचे दर बॉक्सला ५ शिलिंग, पिटात ३, पहिल्या गॅलरीत २ व वरच्या गॅलरीत १ असे असत; आणि मुख्य नाटकाचा तिसरा अंक संपला की पुढचा खेळ निम्म्या दराने पाहावयास मिळे. हा अर्ध्या दराचा हक्क प्रेक्षक प्राणापलीकडे जपत. १७६३ च्या जानेवारीत गॅरिकने तो काढून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ड्ररी लेनमध्ये दंगल झाली, बाके मोडली, झुंबरे फुटली, व अखेर गॅरिकला माघार घ्यावी लागली. त्या रात्री शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'चे बेंजामिन व्हिक्टरने केलेले रूपांतर लावले होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. जुने नाटक नव्या वेषात पाहण्यास प्रेक्षकांची हरकत नव्हती. त्यांची हरकत होती ती दराला!

उशिरा, दिवसाचे काम आटोपून, निम्म्या दराने येणाऱ्या या मंडळींसाठी आखूड व चटकदार नाटके हवी होती. गॅरिकचे 'कॅथरिन अँड पेट्रूकियो' हे या गरजेतून जन्मले. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे त्याने १७५४ साली तीन अंक केले. दारुड्या स्लायचा आरंभीचा भाग गेला. धाकट्या बहिणीचे प्रियाराधन गेले. उरला तो केवळ नवरा व बायको यांचा झगडा. शेवटी कॅथरिन पतिनिष्ठेवर जे लांबलचक भाषण करते, ते गॅरिकने एकट्या तिच्या तोंडी ठेवले नाही. त्यातील काही भाग त्याने पेट्रूकियोला दिला, व दांडगाईचा वेष आपण आता उतरवून ठेवतो, असे त्याच्याकडून वदविले. मूळ नाटकातील नवरा असे काही कबूल करीत नाही. सोळाव्या शतकाला ज्या शेवटात गैर वाटले नाही, तो सौम्य करावा असे अठराव्या शतकाला वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लंडनच्या रंगभूमीवर मूळ 'टेमिंग ऑफ द श्रू' परत आले ते १८४४ साली हेमार्केट नाट्यगृहात. तोवरची नव्वद वर्षे प्रेक्षकांनी 'श्रू' म्हणून जे पाहिले, ते गॅरिकचे होते.

'विंटर्स टेल'चीही त्याने अशीच गत केली. राजाच्या संशयाचा पहिला अर्धा भाग गाळून, मेंढपाळांच्या वस्तीतील प्रेमकथा तेवढी त्याने १७५६ साली 'फ्लोरिझेल अँड पर्डिटा' या नावाने रंगविली. याच रूपांतरात १७७९ साली मेरी रॉबिन्सन ही नटी पर्डिटाचे काम करीत असता युवराज जॉर्ज तिच्यावर लुब्ध झाला, व तिला 'फ्लोरिझेल' या सहीने पत्रे धाडू लागला. त्या प्रेमाचा शेवट नाटकातल्यासारखा गोड झाला नाही. परंतु 'पर्डिटा' हे नाव तिला जन्मभर चिकटले.

पण काटछाट वेगळी आणि शुद्धीकरण वेगळे. त्याची खरी कसोटी लागली ती विचर्लीच्या नाटकात. त्याचा नायक हॉर्नर हा आपण पुरुषत्वास मुकलो असल्याची खोटी आवई एका वैद्याकरवी गावभर उठवितो. परिणामी शहरातील सारे संशयी नवरे निर्धास्त होतात व आपल्या बायकांना त्याच्या स्वाधीन करून स्वतः कामावर निघून जातात. अब्रूच्या गप्पा मारणाऱ्या स्त्रियाच या व्यवस्थेचा सर्वांत अधिक लाभ घेतात. चिनी मातीच्या भांड्यांचा जो प्रसिद्ध प्रवेश या नाटकात आहे, त्यात नवरा दाराबाहेर उभा राहून हसतो, आणि आत काय चालले आहे हे त्याच्याखेरीज साऱ्या प्रेक्षागृहाला कळते. दुसरीकडे पिंचवाइफ नावाचा प्रौढ गृहस्थ खेड्यातील एका भाबड्या मुलीशी लग्न करून तिला कुलपात ठेवू पाहतो. तिला पुरुषी वेष चढवून तो बाहेर नेतो. हॉर्नरला झिडकारणारे पत्र तिच्याकडून बळेच लिहून घेतो, व न लिहिलेस तर चाकूने तुझ्या तोंडावरच अक्षरे कोरीन, अशी धमकी देतो. ती पत्र लिहिते, पण त्याची पाठ वळताच दुसरे, प्रेमाचे पत्र लिहून तेच त्याच्या हाती ठेवते. शेवटी खरे उघडकीस येण्याचा समय येतो, तेव्हा सर्वजण मिळून एक असत्य सत्य म्हणून स्वीकारतात आणि ती मुलगी नको असलेल्या नवऱ्याकडे परत जाते. हे नाटक हसविते. पण त्या हसण्याच्या तळाशी जो कडवटपणा आहे, तो साऱ्या समाजावरील आरोपपत्रासारखा आहे.

गॅरिकने शस्त्र चालविले ते थेट मुळावर. हॉर्नर गेला, त्याचा वैद्य गेला, भांड्यांचा प्रवेश गेला, अब्रूदार स्त्रिया गेल्या. पिंचवाइफचा मूडी झाला व त्याची बायको मार्जरी ही पेगी नावाची त्याची पाल्य झाली. मूडी तिच्याशी लग्न करू इच्छितो, पण अद्याप केलेले नाही; आणि हॉर्नरच्या जागी बेलव्हिल नावाचा एक सरळ मनाचा तरुण आला, ज्याच्याशी पेगी अखेर लग्न करते. पुरुषी वेषातील फेरफटका राहिला, पत्रांची अदलाबदल राहिली. सुमारे निम्मे नाटक आपण नव्याने लिहिले असून, एका प्रसिद्ध नाटकातील अनीती व अश्लीलता दूर करणे एवढाच आपला दावा आहे, अशा अर्थाची नोंद त्याने छापील प्रतीच्या आरंभी केली.

एका शब्दाच्या फरकाने केवढा बदल घडला, हे पाहण्यासारखे आहे. 'बायको'ची 'मुलगी' होताच व्यभिचाराचे प्रियाराधन झाले. प्रत्येक फसवणूक निर्दोष ठरली, कारण जिच्यावर कोणाचा विवाहसिद्ध हक्कच नाही, तिने पालकाच्या हातावर तुरी दिल्या तर तो गुन्हा नव्हे, गंमत होय. प्रेक्षकांनी आता मोकळ्या मनाने मुलीची बाजू घ्यावी. हा गॅरिकचा खरा लाभ. आणि तोटा? मूळ नाटकात मार्जरीला सुटका नाही. ती खोटे बोलावयास शिकते आणि तेवढेच शहराकडून शिकते. कुलपात ठेवलेल्या बायकोचा प्रश्न विचर्लीने सोडविला नाही, पण उघडा करून दाखविला. गॅरिकने तो सोडविला. मात्र बायकोच नाहीशी करून सोडविला.

या शुद्धीकरणात एक विलक्षण गोष्ट घडली. विचर्लीचे नाटक हेही सर्वस्वी त्याचे नव्हते. भाबड्या मुलीला कोंडून ठेवणारा प्रौढ पुरुष त्याने मोलिएरच्या 'नवऱ्यांची शाळा' (१६६१) व 'बायकांची शाळा' (१६६२) या नाटकांवरून घेतला होता. नपुंसकत्वाचे सोंग तर रोमन नाटककार टेरेन्स याच्याकडून आले होते, आणि टेरेन्सने आपली नाटके ग्रीक मिनँडरवरून रचली होती. मोलिएरच्या दोन्ही नाटकांत ती मुलगी बायको नसून पाल्यच आहे. विचर्लीने तिचे लग्न लावून टाकले. गॅरिकने ते लग्न मोडले. म्हणजे इंग्रजी नाटक धुऊन काढता काढता गॅरिक नकळत वा जाणूनबुजून मोलिएरच्या मांडणीपाशी परत जाऊन पोहोचला! अशा स्थितीत 'मूळ' नाटक कोणते व 'भ्रष्ट' कोणते, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

मोलिएरच्याच 'तार्त्यूफ'ची इंग्लंडातील यात्रा हेच सांगते. धर्माचे सोंग घेऊन दुसऱ्याचे घर बळकावणारा हा भोंदू. १७१५ साली पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या पक्षपात्यांनी बंड केले. ते मोडल्यावर १७१७ साली कॉली सिबरने त्या भोंदूला त्याच पक्षाचा छुपा हस्तक बनवून 'द नॉन-ज्युरर' हे नाटक लिहिले, आणि राजनिष्ठेचे बक्षीसही मिळविले. अर्धे शतक लोटले, बंडाची भीती विरली, आणि सिबरचे नाटक शिळे झाले. तेव्हा १७६८ साली आयझॅक बिकरस्टाफने ते पुन्हा हाती घेऊन 'द हिपॉक्रिट' रचले, व त्यातील टोला त्या वेळी फोफावलेल्या मेथॉडिस्ट पंथाकडे वळविला. भोंदू तोच, घर तेच. दर पिढीला त्याचा अंगरखा तेवढा बदलावा लागला. जे नाटक मनुष्यस्वभावावर उभे असते, त्याचा वेष बदलता येतो. जे केवळ प्रसंगावर उभे असते, ते प्रसंगाबरोबर मरते.

गॅरिक निवृत्त झाल्यावर ड्ररी लेनची सूत्रे तरुण रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनकडे आली, आणि त्याने व्हॅनब्रूच्या 'द रिलॅप्स' या १६९६ च्या नाटकास हात घातला. या नाटकाची पूर्वपीठिका मौजेची आहे. त्याच वर्षाच्या आरंभी सिबरने एक नाटक लिहिले होते. त्यात लव्हलेस नावाचा उनाड नवरा अमँडा या सोशिक पत्नीच्या युक्तीने अखेरच्या अंकात पश्चात्ताप पावून सुधारतो. पाचव्या अंकातील हा पश्चात्ताप सहाव्या अंकात टिकेल काय, अशी व्हॅनब्रूला शंका आली, आणि त्याने तो सहावा अंकच जणू पाच अंकांत लिहिला. तोच लव्हलेस लंडनला येतो, व बेरिंथिया या विधवेच्या पाशात पुन्हा घसरतो. शेरिडनने १७७७ च्या फेब्रुवारीत 'अ ट्रिप टु स्कारबरो' या नावाने हे नाटक आणले. सगळी पात्रे त्याने समुद्रकाठच्या एकाच गावी गोळा केली. बीभत्स बोलणारा म्हातारा दलाल काढून त्या जागी एक दलालीण नेमली. लव्हलेस व बेरिंथिया यांना त्याने चांदण्या बागेत लपवून अमँडाचा निग्रह ऐकविला, व शरमेने परत फिरविले. सिबरने सुधारलेला, व्हॅनब्रूने बिघडविलेला नवरा शेरिडनने ८१ वर्षांनी पुन्हा सुधारला!

पहिल्या रात्री मात्र प्रेक्षक चिडले. नवे नाटक म्हणून जे पाहावयास आले, ते जुनेच निघाले, ही त्यांची तक्रार होती. अमँडाचे काम करणाऱ्या मेरी रॉबिन्सनने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, त्या हुर्योपुढे तिची सहकारी नटी मिसेस येट्स रंगमंच सोडून आत निघून गेली. पुढे नाटक सावरले व टिकले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेरिडनचे स्वतंत्र नाटक 'द स्कूल फॉर स्कँडल' आले. त्यातील सुप्रसिद्ध पडद्याच्या प्रवेशातही लपून ऐकणे व ऐकून पश्चात्ताप पावणे, हीच युक्ती अधिक तेजाने चमकते. आणि दोन वर्षांनी 'द क्रिटिक'मध्ये शेरिडनने एका पात्राकडून, हल्ली व्हॅनब्रू व काँग्रीव्ह यांनाही ओबडधोबड सुधारणा सोसावी लागते, अशी तक्रार करविली. आणि या नव्या सोवळेपणात लाज जितकी कमी तितका तिचा देखावा अधिक, असा टोमणा दुसऱ्याकडून मारविला. ज्याने स्वतः कात्री चालविली, त्यानेच कात्रीची थट्टा केली. या उद्योगात काहीतरी गमावले जाते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

नाटक नाटककाराच्या लेखणीने जगते, तसेच ते नटाच्या जिभेनेही जगते. 'द कंट्री गर्ल'चे खरे भाग्य उजळले ते १७८५ च्या ऑक्टोबरात, डोरोथिया जॉर्डन हिने ड्ररी लेनवर पहिले पाऊल पेगीच्या भूमिकेत टाकले तेव्हा. तिच्या खळखळून हसण्यावर लंडन लुब्ध झाले. मूळ 'कंट्री वाइफ' तर १७५३ नंतर रंगभूमीवरून नाहीसेच झाले होते. ते लंडनच्या प्रेक्षकांना पुन्हा दिसले १९२४ साली, फीनिक्स सोसायटीने प्रयोग केला तेव्हा. त्यानंतर मात्र ते पुन्हा नांदू लागले, आणि गॅरिकची पेगी विस्मृतीत गेली. पण मधल्या १७१ वर्षांत विचर्लीच्या कथेचा धागा तुटू दिला नाही, तो त्या पेगीनेच. जीर्णोद्धार करणाऱ्याने मूर्ती बदलली खरी. पण देवळात दिवा तेवत ठेवला, हेही तितकेच खरे.

या कथेचा एक धागा थेट महाराष्ट्राच्या रंगभूमीपर्यंत येऊन पोहोचला आहे. मोलिएरने १६६० साली 'स्गानारेल' हे एकांकी प्रहसन लिहिले. मूर्च्छित पडलेल्या तरुणीजवळची तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते, ती भलत्याच स्त्रीच्या हाती लागते, आणि तेवढ्यावरून नवराबायको व प्रियकरप्रेयसी हे चौघेही एकमेकांविषयी संशयाने पेटतात. आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने त्याचा पाच अंकांचा विस्तार करून १७६१ साली ड्ररी लेनवर 'ऑल इन द राँग' आणले. तेच नाटक गोविंद बल्लाळ देवल यांच्या हाती पडले. त्यांनी १८९३ साली त्याचे गद्य रूपांतर 'फाल्गुनराव' या नावाने केले, व पुढे त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' सिद्ध केले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी काही महिनेच देवल निवर्तले होते.

मर्फीची बेलिंडा एका प्रतिष्ठित गृहस्थाची कन्या आहे. देवलांची रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे. त्या काळच्या मराठी समाजात कुलीन घरची उपवर मुलगी प्रियकराला अशी मोकळेपणाने भेटणे असंभाव्य दिसले असते. देवलांनी कुळ बदलले व प्रसंग खरा केला. पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन त्यांनी साऱ्या घोटाळ्याला आपल्या पंचांगात बसविले. गॅरिकने एका शब्दाने जे साधले, तेच देवलांनीही साधले; पण गॅरिकच्या बदलाने प्रश्न लपला, देवलांच्या बदलाने तो जागच्या जागी उभा राहिला, कारण आपल्या जन्मामुळे आपल्या प्रेमावर विश्वास बसेल की नाही, ही रेवतीची चिंता मर्फीच्या नायिकेला कधी शिवलीच नव्हती.

रूपांतर चांगले की वाईट, हे त्याने किती काढले यावरून ठरत नाही. काढलेल्या जागी त्याने काय बसविले, यावरून ठरते. पॅरिसमध्ये पडलेली एक तसबीर लंडनमध्ये उचलली गेली, आणि पुणे-मुंबईच्या प्रेक्षकांनी तिला आपल्याच घरातली म्हणून ओळखले. जुन्या नाटकाच्या जीर्णोद्धाराला याहून मोठे यश कोणते असावयाचे?